पिनोकियोचा इटालियन ॲनिमेशनपट करायचा तर : पटकथा, लाकडाची चाल, नाकाचा हिशेब

लाकूडकाम (धागाकर्ता)

कार्लो कोल्लोदीच्या 'पिनोकियो'वर, म्हणजे शेवटी खरा मुलगा होणाऱ्या लाकडी बाहुल्याच्या गोष्टीवर, इटलीत ॲनिमेशनचे तीन मोठे प्रयत्न झाले. पहिला १९३६ चा, रोममधला. राउल वेर्दीनी आणि उंबेर्तो स्पानो यांचा तो चित्रपट अर्धवट राहिला, आज त्याची संहिता आणि थोडी स्थिरचित्रं तेवढी उरली आहेत. दुसरा जुलियानो चेंचीचा, फ्लॉरेन्समध्ये तयार झालेला, १९७१ चा. मूळ पुस्तकाला धरून राहायचं म्हणून त्यात कोल्लोदीच्या घराण्यातल्या वारसांचा सल्ला घेतला होता. तिसरा एन्झो दालोचा २०१२ चा, चित्ररचना लोरेंझो मातोत्तीची, संगीत लुच्यो दाल्लाचं.

या धाग्यात गोष्टीचं कौतुक नको, कामाचं बोलूया. या गोष्टीचा हाताने काढलेला सुमारे ८० मिनिटांचा चित्रपट कसा उभा करायचा, कुठे काय बिघडतं आणि का, हे इथे जमवायचं आहे. सुरुवात पटकथेपासून करतो, कारण बहुतेक घोळ तिथेच होतो.

ही गोष्ट आधी मालिका म्हणून आली. 'जोर्नाले पेर इ बाम्बीनी' या मुलांच्या साप्ताहिकात ७ जुलै १८८१ पासून. पंधराव्या प्रकरणात पिनोकियोला मोठ्या ओकच्या झाडाला फाशी देतात आणि कोल्लोदीने गोष्ट तिथेच संपवली होती. वाचकांनी धरून बसल्यावर फेब्रुवारी १८८२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, जानेवारी १८८३ मध्ये संपली, आणि लगेच पुस्तक आलं. एकूण ३६ प्रकरणं. म्हणजे तुमच्या हातात एक गोष्ट नाहीच, दोन आहेत. पहिली पंधरा प्रकरणं ही सरळ उतरत जाणारी शोकांतिका आहे. पुढची एकवीस सुटकेची आहेत, आणि ती सुटका बरेचदा हुकते.

८० मिनिटं म्हणजे ४,८०० सेकंद. ३६ प्रकरणांना सारखी वाटली तर प्रत्येकाला २ मिनिटं १३ सेकंद. इतक्या वेळात प्रसंग नुसता दाखवून होतो, घडत नाही. त्यामुळे कापावं लागतंच. पण 'कमी महत्त्वाचं' म्हणून कापू नका. प्रत्येक प्रसंगापाशी एकच प्रश्न विचारा : याच्यानंतर पिनोकियो वेगळा वागतो का? विसाव्या प्रकरणातल्या शेपटीतून धूर सोडणाऱ्या सापानंतर तो बदलत नाही, म्हणून साप जाऊ द्यावा. एकविसाव्या-बाविसाव्यात त्याला मेलाम्पो कुत्र्याच्या जागी साखळीला बांधतात. कोंबडीचोर त्याला ठरलेला वाटा देऊ करतात, आणि तो भुंकून मालकाला उठवतो. हा प्रसंग पहिल्या वाचनात फालतू वाटतो आणि पहिल्याच मसुद्यात उडतो. लाच नाकारायची वेळ त्याच्यावर इथे पहिल्यांदा येते. हे काढलंत तर शेवटी तो मुलगा का होतो याला आधारच राहत नाही.

दुसरी मोठी अडचण बापाची. नवव्या प्रकरणापासून चौतिसाव्यापर्यंत जेपेत्तो जवळजवळ नाही. तेविसाव्यात लांबून एका होडीत दिसतो, तेवढाच. पुस्तकात चालतं, कारण वाचणाऱ्याच्या मनात बाप असतो. पडद्यावर पन्नास मिनिटं न दिसलेला माणूस प्रेक्षक विसरतो आणि माशाच्या पोटातली भेट कोरडी जाते. उपाय : जेपेत्तोच्या शोधाचे १५ ते २० सेकंदांचे चार-पाच तुकडे मधे पेरा. संवाद नकोत. कोट विकलेला आहे, त्यामुळे तो प्रत्येक तुकड्यात नुसत्या सदऱ्यावर, आणि मागचा ऋतू बदललेला. एवढं पुरतं.

---

पानोपानी

फाशीच्या प्रसंगाबद्दल लिहा की. निर्माते आणि वाहिन्या पहिला हात तिथेच घालतात.

---

लाकूडकाम

@पानोपानी, ठेवावा असं माझं ठाम मत. तो काढला तर निळ्या केसांच्या परीचं येणं नुसतं जादूचं होतं. ठेवला तर तिने त्याला उचलण्याला वजन येतं.

कसा दाखवायचा याची किल्ली पुस्तकातच आहे. मारेकऱ्यांनी सुरे मारले तर पात्यांचेच तुकडे होतात, कारण अंग कठीण लाकडाचं. टांगल्यावरही तो मरत नाही. ते तीन तास खाली वाट बघत बसतात आणि कंटाळून निघून जातात. तेव्हा गळा, दोर, चेहरा यांचा जवळचा शॉट एकही नको. एकच लांबचा शॉट : वारा, झाड, आणि घंटेच्या लोळीसारखा हलणारा छोटा आकार. झोक्याचं एक आवर्तन ४८ फ्रेमचं (दोन सेकंदांचं) ठेवा, वारा वाढला की ४० चं. टोकाशी चित्रं दाट, मध्ये विरळ. लाकूड लाकडावर आपटल्याचा आवाज दर आवर्तनाला एकदा. मग तो शेवटचा बाबांना हाक मारतो ते वाक्य, आणि आवाज पूर्ण बंद. मुलांना धक्का बसतो, पण किळस येत नाही.

जागा : ८० मिनिटांत साधारण ३०व्या मिनिटाला. त्याआधी आला तर पहिला भाग कोवळा राहतो. ३५ च्या पुढे गेला तर खेळण्यांच्या देशाला (जिथे मुलांची गाढवं होतात) आणि माशाला जागा उरत नाही.

---

रेघ_आणि_रंग

पात्ररचनेबद्दल लिहितो. नव्याने काम करणारे हमखास डिस्नेच्या १९४० च्या चित्रपटातला पिनोकियो डोक्यात घेऊन बसतात : पंखवाली टोपी, मोठा बो, पांढरे हातमोजे. ती रचना त्या स्टुडिओची आहे, तिच्या आसपासही जाऊ नका. देवमासाही तिकडचाच. मूळ पुस्तकात आहे तो पेशे-काने, शार्कसारखा अजस्र मासा. बागडणारा सल्लागार रातकिडाही पुस्तकात तसा नाही. तिथला बोलका रातकिडा चौथ्या प्रकरणातच हातोडी बसून भिंतीला चिकटतो, तेराव्यात भूत होऊन येतो, सोळाव्यात वैद्य म्हणून, आणि छत्तिसाव्यात छपराच्या तुळईवर.

कोल्लोदी १८९० मध्ये वारला, तेव्हा मजकूर सर्वांना खुला आहे. चित्रकारांचं वेगळं बघावं लागतं. इटलीत मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतात. पहिल्या आवृत्तीचा एन्रिको मात्सांती आणि नंतरचा कार्लो किओस्त्री यांची चित्रं केव्हाच मोकळी झाली. १९११ च्या प्रसिद्ध रंगीत आवृत्तीचा आत्तिलिओ मुस्सीनो १९५४ मध्ये गेला, म्हणजे २०२५ पासून मोकळा. अभ्यासाला तिघेही घ्यावेत. किओस्त्रीकडे टस्कनी या इटालियन प्रांतातली खरी घरं आणि खरं दारिद्र्य आहे. मुस्सीनोकडे हालचाल आहे, त्याची पानं जवळजवळ स्टोरीबोर्डच.

आता कपडे. आठव्या प्रकरणात जेपेत्तो त्याला फुलाफुलांच्या कागदाचा पोशाख, झाडाच्या सालीचे जोडे आणि पावाच्या गराची टोपी करून देतो. गरिबी आहे म्हणून. ही तीन सामग्री मॉडेल शीटवर (सगळ्या चित्रकारांसाठीचा पात्राचा नमुनातक्ता) लिहूनच टाका, कारण तिन्हींची वागणूक निराळी. कागद कापडासारखा लोंबत नाही. तो सरळ रेषेत मोडतो आणि मोड पडली की तशीच राहते. म्हणून धावताना अंगरख्याचा घोळ मागून लहरत आला की समजा चूक झाली. कोपराच्या आणि कमरेच्या ठिकाणी दोन-तीन ठरलेल्या घड्या आखून द्या, त्याच उघडतील आणि मिटतील. फुलांची नक्षी मात्र प्रत्येक फ्रेमला हाताने काढू नका, ती थरथरते. नक्षी वेगळ्या थरावर स्थिर ठेवून तिच्यावर अंगरख्याचा आकार मुखवट्यासारखा लावा. नक्षी जागेवर, आकार हलतो. छापील कागदाच्या सपाटपणाला ते उलट शोभतं.

पोशाखाचे टप्पेही आधीच ठरवून ठेवा : सुरुवातीला उघडं लाकूड, मग जळके पाय, मग नवे पाय आणि कागदी पोशाख, एकोणतिसाव्या प्रकरणात शेंगा ठेवायच्या पिशवीला भोकं पाडून केलेला सदरा, मग गाढव, मग पुन्हा लाकूड. प्रत्येक टप्प्याची वेगळी मॉडेल शीट. हे न केल्यामुळे समुद्रात पडून बाहेर आलेला बाहुला कोरड्या कडक कागदात दिसतो. पुस्तक तिकडे दुर्लक्ष करतं, कॅमेऱ्याला करता येत नाही.

---

पेगबार

धागाकर्त्याने 'लाकडाची चाल' असं शीर्षकात लिहिलंय, त्यावर सविस्तर लिहितो. माझ्या मते सगळा चित्रपट इथे उभा राहतो किंवा पडतो.

हाताने काढलेल्या ॲनिमेशनचं पहिलं शिक्षण म्हणजे अंग दाबायचं आणि ताणायचं. चेंडू पडला की चपटा, उडाला की लांब. पिनोकियोला हे चालत नाही. तो ज्या फ्रेममध्ये चपटा झाला त्या फ्रेमपासून रबराचा झाला, मग कितीही लाकडी रंग द्या.

नियम एक : प्रत्येक हाडाची लांबी कायम. ऐकायला सोपं, करताना सारखं चुकतं, आणि ते इनबिटवीनमध्ये, म्हणजे दोन मुख्य चित्रांच्या (की-ड्रॉइंगच्या) मधली चित्रं भरताना चुकतं. खांद्यापासून कोपरापर्यंतचा दंड समजा कागदावर १० सेंटिमीटर आहे. एका की-ड्रॉइंगमध्ये तो सरळ खाली, पुढच्यात आडवा, म्हणजे ९० अंश फिरला. मधलं चित्र काढणारा दोन्ही कोपरांच्या बरोबर मध्यावर खूण करतो. ती खूण वर्तुळाच्या कमानीवर पडत नाही, दोन टोकांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर पडते. तिथे दंड भरतो ७.१ सेंटिमीटर. म्हणजे एका फ्रेमपुरता हात जवळजवळ ३० टक्के आखूड. माणसाच्या पात्रात हे खपून जातं, मांसल हात थोडा आत-बाहेर झालेला डोळा माफ करतो. लाकडात लगेच दिसतं, हात दुर्बिणीसारखा आत गेल्यागत वाटतो.

उपाय जुनाच आहे. प्रत्येक हाडाची जाड कार्डाची पट्टी कापा, सांध्याला टाचणी, आणि ती फिरवून मधल्या जागा घ्या. डिजिटल काम असेल तर मॉडेल शीटवरून हाडांच्या रेषा वेगळ्या थरावर आणून सांध्याभोवती फिरवा, मग वर हाताने रेघ काढा. संगणकाला सोपवलेलं इनबिटवीन दोन बिंदूंमध्ये सरळ रेषेत जात असेल तर नेमकी हीच चूक तो करतो, म्हणून तेही तपासा.

नियम दोन : सांध्यांचे प्रकार ठरवा आणि मोडू नका. कोपर आणि गुडघा बिजागरीचे, एकाच दिशेला. खांदा आणि खुबा खोबणीतले, सगळीकडे फिरणारे. मनगट ठेवायचं की नाही हे पहिल्या दिवशी ठरवा. मी नको म्हणेन. मनगट नसलं की काही उचलायला त्याला अख्खा दंड वळवावा लागतो, आणि पात्राचा स्वभाव तिथून येतो.

नियम तीन, चाल. माणसाचं साधं पाऊल सेकंदाला २४ फ्रेमच्या गतीला १२ फ्रेमचं. याचं १० ठेवा. टाच टेकली की तळवा गुंडाळत खाली येत नाही, सगळा पाय एकदम टेकतो. टेकल्यावर २ फ्रेम थांबा. गुडघा वाकून वजन झेलत नाही, त्यामुळे धक्का वर जातो : पाय टेकल्यानंतर २ फ्रेमनी डोकं हलतं, ४ फ्रेमनी हात. ही लहर पायापासून वर गेली की लाकूड पटतं. उडी मारून उतरला की दबायचं नाही. शरीर जागेवर, आणि सुटे भाग ३-४ फ्रेम खडखडून कमी-कमी होत थांबतील.

नियम चार : चेहरा जितका कमी हलवाल तितकं बरं. भाव मानेच्या कलण्यातून आणि आकृतीच्या काठातून काढा. पापणी मिटताना सरकत नाही, पडते : एका फ्रेममध्ये उघडी, पुढच्यात बंद, २ फ्रेम बंद, मग उघडी.

निरीक्षणासाठी कळसूत्री बाहुल्या जवळून बघाव्यात. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाच्या कलाकारांकडे ती परंपरा अजून चालू आहे. बाहुली चालते तेव्हा नाही, थांबते तेव्हा बघा. दोर थांबतो, धड थांबतं, आणि हात नंतर येऊन थांबतात. पिनोकियोला दोर नाही हे खरं, पण सांध्यांचं वजन तेच.

---

चौकट

@पेगबार, सांधे पडद्यावर दाखवायचे की कपड्याखाली झाकायचे?

---

पेगबार

@चौकट, गुडघे आणि कोपरं उघडी ठेवा. प्रेक्षकाला खुंटी दिसली की तो पुढचं स्वतः मानतो. खांदे कपड्याखाली गेले तर हरकत नाही, उलट बरं. वळताना खांद्याची खोबण बरोबर काढणं सगळ्यात अवघड, ते काम वाचतं.

---

नाकसमोर

नाकाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

पुस्तकात नाक दर खोट्याला वाढत नाही. तिसऱ्या प्रकरणात जेपेत्तो कोरत असतानाच ते वाढत जातं. पाचव्यात भुकेल्या पिनोकियोला भिंतीवर रंगवलेलं भांडं दिसतं, ते खोटं निघतं आणि नाक चार बोटं वाढतं. सतराव्यात सोन्याच्या चार नाण्यांबद्दल परीशी तो लागोपाठ तीनदा खोटं बोलतो, तो प्रसिद्ध प्रसंग. एकोणतिसाव्यात स्वतःचंच खोटं कौतुक करताना पुन्हा. मधे तो बऱ्याचदा खोटं बोलतो आणि काही होत नाही. पटकथेत याचं यंत्र करू नका. नाक वाढण्याचे क्षण तीनच ठेवावेत : कोरताना, रिकाम्या भांड्यापाशी, परीपाशी. भांड्याचा क्षण बहुतेक जण गाळतात. मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तिथे मुलाने खोटं बोललेलं नाही, मुलाला फसवलं गेलं आहे.

आता काढायचं कसं. नाकाच्या लांबीचे टप्पे डोक्याच्या उंचीच्या मापात ठरवा. नेहमीचं नाक डोक्याच्या एक तृतीयांश. पहिल्या खोट्याला दोन तृतीयांश, दुसऱ्याला दीड डोकं, तिसऱ्याला खोलीच्या भिंतीला लागेल इतकं. वाढताना टोक पुढे सरकतं असं नका काढू, ते दुर्बीण उघडल्यासारखं दिसतं. मुळापासून नवं लाकूड बाहेर येतं असं काढा. त्यासाठी नाकावर एक-दोन गाठी किंवा वर्तुळरेषा हव्यात, त्या पुढे सरकल्या की वाढ कुठून होते ते कळतं. वाढीला १० फ्रेम, त्याआधी ६ फ्रेम काहीच नाही, आणि नंतर टोकाला ८ फ्रेम हलकी थरथर.

मोठी अडचण डोकं वळण्याची. बाजूने नाक लांब दिसतं. समोरून ते नुसतं एक वर्तुळ. या दोन्हींच्या मधे, पाऊण वळणावर, प्रत्येक चित्रकार वेगळी लांबी काढतो आणि नाक फ्रेमागणिक लहानमोठं होतं. मॉडेल शीटवर डोक्याची आठ वळणं द्या आणि प्रत्येकावर नाकाच्या टोकाचा बिंदू नक्की करा. शिवाय समोरचा शॉट टाळा. सतराव्या प्रकरणात नाक इतकं वाढतं की त्याला खोलीत वळताच येत नाही, इकडे वळला तर पलंग, तिकडे वळला तर दार. हा लेआउट, म्हणजे शॉटची मांडणी, वरून घ्यावा. खोलीचा नकाशा आणि त्यात अडकलेली एक रेघ. एकाच शॉटमध्ये विनोदही होतो आणि कोंडीही. मग सुतारपक्षी येऊन टोचून नाक कमी करतात. तो थवा एकेक पक्षी नका काढू. १६ फ्रेमची तीन वेगवेगळी, पुन्हापुन्हा फिरणारी चक्रं करून सुरुवात मागेपुढे केली की गर्दी जमते.

---

हिशेबवही

उत्साह चांगला आहे, आता आकडे बघू.

४,८०० सेकंद गुणिले २४ म्हणजे १,१५,२०० फ्रेम. दोन-दोन फ्रेमवर, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम दाखवून, काम केलं तर ५७,६०० चित्रं, आणि हे एका पात्राचं. परी, कोल्हा, मांजर सोबत असले की तितके थर वाढतात. सरासरी शॉट ४ सेकंदांचा धरला तर १,२०० शॉट.

पूर्ण दर्जाचं काम करणारा ॲनिमेटर आठवड्याला ४ सेकंद देतो असं धरून चाला. वीस जण असले तर आठवड्याला ८० सेकंद, म्हणजे नुसत्या ॲनिमेशनला ६० आठवडे. आजारपण, दुरुस्त्या, फेकून दिलेले शॉट धरून ७२ ते ७५. त्याआधी स्टोरीबोर्ड आणि ॲनिमॅटिकला (स्टोरीबोर्डची चित्रं आवाजासह वेळेत बसवलेला कच्चा चित्रपट) वर्षभर, नंतर रंग, संयोजन, ध्वनी. ही चार वर्षांची गोष्ट आहे.

म्हणूनच आजचा इटालियन ॲनिमेशनपट सहसा एकट्या इटलीचा नसतो. दालोचा 'पिनोकियो' इटली, फ्रान्स, बेल्जियम आणि लक्झेंबर्ग यांचा मिळून आहे. मातोत्तीने स्वतः दिग्दर्शित केलेला सिसिलीच्या अस्वलांचा चित्रपट (२०१९) फ्रान्स आणि इटलीचा. पैसा वाटला जातो तसं कामही वाटलं जातं, कारण प्रत्येक देश आपला पैसा आपल्याकडच्या स्टुडिओत खर्च व्हावा अशी अट घालतो. त्यातून येणारा नेमका बिघाड सांगतो : लेआउट एका शहरात, ॲनिमेशन दुसऱ्यात, रंग तिसऱ्यात. रेषेची जाडी तीन ठिकाणी तीन होते. म्हणून निर्मितीग्रंथात 'बारीक रेघ' असं लिहू नका. चित्राची रुंदी ४,०९६ पिक्सेल असताना रेघ अमुक पिक्सेल, जवळच्या शॉटला तमुक, असा तक्ता द्या. रंगांचे आकडे द्या, रंगांची नावं नकोत. आणि प्रत्येक ठिकाणच्या पडद्याचं रंगमापन महिन्याला एकदा.

पैसा वाचवायची सर्वात मोठी जागा ॲनिमॅटिक आहे. तिथे कापलेलं एक मिनिट म्हणजे एका ॲनिमेटरचे १५ आठवडे.

---

रेघ_आणि_रंग

@हिशेबवही यांनी मातोत्तीचं नाव घेतलं म्हणून पार्श्वभूमीबद्दल.

अस्वलांचं पुस्तक दिनो बुत्सातीने १९४५ मध्ये लिहिलं आणि चित्रंही त्याचीच. आधी 'कोरिएरे देई पिक्कोली'मध्ये आलं. तिथे चित्रपटाला लेखकाचीच चित्रभाषा तयार मिळाली : डोंगर मोठा, माणसं-अस्वलं मुंगीएवढी. पिनोकियोच्या बाबतीत तसा एक मालक नाही, प्रत्येक पिढीचा चित्रकार वेगळा. मातोत्तीने २०१२ साली आपली रंगखडूची दुनिया आणली, मोकळी मैदानं आणि तापलेले रंग.

रंगखडूचा पोत पडद्यावर आणताना होणारी चूक : पोत पार्श्वभूमीला असतो आणि पात्र सपाट रंगाचं, मग पात्र वर चिकटवल्यासारखं दिसतं. पात्राला पूर्ण पोत दिला तर तो प्रत्येक फ्रेमला उकळतो, म्हणजे सारखा थरथरतो. मधला मार्ग असा की पात्राच्या सावलीच्या भागालाच पोत द्यायचा, आणि तो दर ६ फ्रेमनी बदलायचा. प्रकाशाचा भाग सपाट.

टस्कनीची माहितीही खरी हवी. कोल्लोदी हे गाव पेशा या शहराजवळ आहे, लेखकाच्या आईचं गाव, टोपणनाव तिथूनच घेतलं. डोंगराच्या उतारावर एकावर एक घरं, करडा दगड, भाजक्या मातीची कौलं. आल्प्समधली लाकडी उतरत्या छपरांची घरं काढली की गोष्टीचा देशच बदलतो. १९४० च्या चित्रपटामुळे जगभर ती सवय लागली आहे.

---

पानोपानी

अवांतर होईल, पण बुत्सातीच्या किंवा मुलांसाठी लिहिणाऱ्या जान्नी रोदारीच्या पुस्तकावर कुणाला करायचं असेल तर? ते मोकळे आहेत का?

---

लाकूडकाम

@पानोपानी, नाहीत. बुत्साती १९७२ मध्ये गेला, म्हणजे इटलीत २०४२ अखेरपर्यंत हक्क. रोदारी १९८० मध्ये, म्हणजे २०५० अखेरपर्यंत. दालोनेच १९९६ मध्ये रोदारीच्या 'निळ्या बाणा'वर चित्रपट केला, पण तो रीतसर हक्क घेऊन. हक्क घेताना भाषांतर, दूरचित्रवाणी, ऑनलाइन प्रसारण आणि खेळणी यांच्या परवानग्या वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात. एकच ओळ लिहून घेतली की पुढे अडतं.

---

सूरताल

ध्वनीकडून काही गोष्टी.

संवाद ॲनिमेशनच्या आधी ध्वनिमुद्रित करा, नंतर डबिंग नको. इटलीत डबिंगची परंपरा इतकी भक्कम आहे की 'नंतर बघू' म्हणायचा मोह होतो. नंतर केलं की नटाला तोंडाच्या हालचालीमागे पळावं लागतं. २०१२ च्या चित्रपटात हिरव्या मच्छीमाराला लुच्यो दाल्लाचा आवाज आहे, आणि चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच, १ मार्च २०१२ ला, दाल्ला गेला. आवाज आधी घेऊन ठेवण्याचं हेही एक कारण.

इटालियन लिपसिंक इंग्रजीपेक्षा सोपं, पण एका ठिकाणी फसवतं. स्वर मोजके आणि स्वच्छ, त्यामुळे तोंडाचे सहा-सात आकार पुरतात. फसवतात ती जोडव्यंजनं. पिनोकियो जेपेत्तोला 'बाब्बो' (बाबा) म्हणतो. साध्या 'ब'ला ओठ २ फ्रेम बंद राहतात, या दुहेरी 'ब्ब'ला ३ ते ४. दोनच ठेवले तर आवाज बरोबर असूनही तोंड घाईत वाटतं. एक्सपोजर शीटवर (फ्रेमवार नोंदींचा तक्ता) दुहेरी व्यंजनं लाल पेन्सिलीने खूण करून द्या.

गाण्यांचा ताल फ्रेममध्ये बसेल असाच निवडा. मिनिटाला १२० ठोके म्हणजे ठोक्याला १२ फ्रेम, ९६ म्हणजे १५, ९० म्हणजे १६. १०० घेतलात तर १४.४ येतात आणि प्रत्येक पाऊल हळूहळू ठोक्यापासून सुटत जातं. खेळण्यांच्या देशाला १२० उत्तम. १२ ला दोन, तीन, चार, सहा सगळ्यांनी भाग जातो, गर्दीची चक्रं बसवायला सोपं. गाढवाच्या रूपांतरात मात्र ताल काढून टाका. पिनोकियो आणि त्याचा मित्र लुचिन्योलो आधी एकमेकांचे कान बघून हसतात, हसता हसता आवाजाचं रेकणं होतं. हे हसू एकाच सलग ध्वनिमुद्रणात नटाकडून करून घ्या, तुकडे जोडून ते होत नाही. आणि चित्र त्या आवाजावर बसवा.

लाकडाचे आवाज दोन प्रतींचे लागतात : सुकं कठीण लाकूड अंगासाठी, पोकळ लाकूड डोक्यासाठी. पाण्यात भिजल्यावर आवाज बदलायला हवा, तो जड आणि बुजका होतो.

---

चौकट

माशाचं प्रकरण. पेशे-काने शेपूट सोडून किलोमीटरभराहून लांब आहे. संपूर्ण मासा एका चौकटीत दाखवला की तो लहान झाला. डोळा एका शॉटला, दातांची ओळ दुसऱ्याला, आणि प्रत्येक वेळी चौकटीच्या किमान दोन कडा त्याने भरून बाहेर जायला हव्यात. हालचाल मंद : तोंड उघडायला ९६ फ्रेम. झपकन उघडलं तर तो मोठा मासा न वाटता जवळ आलेला छोटा मासा वाटतो.

त्याला दमा आहे, म्हणून तो तोंड उघडं टाकून झोपतो आणि बापलेक त्यातूनच निसटतात. हा दमा प्रसंगाचं घड्याळ म्हणून वापरा. आत येणारा श्वास ४ सेकंद, बाहेर ६. आतले सगळे शॉट या १० सेकंदांच्या चक्रावर कापा. पाणी, जेपेत्तोची दाढी, मेणबत्तीची ज्योत सगळं त्याच दिशेला झुकेल.

प्रकाश पुस्तकातच दिलेला आहे : हिरव्या काचेच्या बाटलीत खोचलेली पेटती मेणबत्ती, आणि ती शेवटची आहे. ज्योतीच्या वर पिवळा, खाली बाटलीतून हिरवा. चेहऱ्यावर प्रकाश खालून न आणता बाजूने आणा. खालून आणला की म्हातारा भेसूर दिसतो.

---

नाकसमोर

शेवटच्या शॉटबद्दल @पेगबार यांना विचारायचं आहे. मुलगा झाल्यावर तो खुर्चीला टेकवलेला लाकडी बाहुला बघतो. मान एका बाजूला, हात लोंबते, पाय मुडपलेले. हा बाहुला निर्जीव दिसणार कसा? इतका वेळ तोच जिवंत होता.

---

पेगबार

@नाकसमोर, थर बदलून. आख्खा चित्रपट तो ॲनिमेशनच्या थरावर रेघ आणि सपाट रंगात होता. या शॉटला त्याला पार्श्वभूमीच्या चित्रकाराकडे द्या, खुर्ची रंगवलीय त्याच हाताने आणि त्याच पोताने रंगवायला सांगा, बाह्यरेषा काढून टाका. प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण तो आता सामान आहे हे कळेल. मुलाला मात्र पहिल्यांदाच दाबणं-ताणणं द्या : वाकताना गाल दबतो, श्वासाला छाती फुगते. ७५ मिनिटं हे राखून ठेवलेलं असेल तरच इथे दिसतं. म्हणून आधी कुठल्याही शॉटमध्ये, विनोदासाठीसुद्धा, ते वापरू देऊ नका.

---

हिशेबवही

हे सगळं वाचून कुणी सुरू करणार असेल तर पैसे मागायला जाण्याआधी २० सेकंदांची चाचणी करा. ४८० फ्रेम, दोन-दोनवर २४० चित्रं. बाहुला जमिनीवरून उठतो, चार पावलं चालतो, स्टुलावर बसतो, एक वाक्य बोलतो, नाक वाढतं. आधी रंगाशिवाय, मग पूर्ण काळ्या आकृतीत, आवाज बंद करून बघा. काळ्या आकृतीत तो लाकडाचा आहे हे कळलं तर पुढे जा. नाही कळलं तर पात्ररचना नव्याने करा, रंगावर वेळ घालवू नका.

---

चौकट

@हिशेबवही, त्यात पाण्यातून बाहेर येणं पण घाला, ३ सेकंद पुरे. ओला कागद, सुजलेले सांधे. रचनेतला कच्चा दुवा तिथेच सापडतो.